वकिली सोडून सुरांमागे

डिग्री एकात आणि जीव दुसऱ्यातच, असे आपल्या हॉस्टेलमध्ये रूमागणिक सापडतील. त्यांनी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचं आयुष्य जरूर वाचावं.

जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. बी.ए., एल.एल.बी. होऊन वकिली केली, पण ओढा गाण्याकडेच. त्या काळी उस्ताद आपल्या चिजा घराण्याबाहेर जाऊ देत नसत. त्यामुळे उस्तादाबरोबर त्याची विद्याही जायची. शिवाय जुन्या ग्रंथांतलं शास्त्र एक आणि मैफलीतलं गाणं दुसरंच!

पत्नी आणि मुलगी दोघी गेल्यावर भातखंडेंनी वकिली सोडली व संगीतालाच वाहून घेतलं. देशभर फिरून त्यांनी ग्रंथ धुंडाळले, गवयांची मनधरणी करून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत लिहून छापल्या. रागांची दहा थाटांत मांडणी केली. काही राग या चौकटीत नीट बसत नाहीत, अशी टीका आजही होते. पण शिकणाऱ्याला सुरुवात करायला जागा मिळाली, हे टीकाकारही मानतात.

१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं, तेच पुढे २०२२ मध्ये राज्य विद्यापीठ झालं. शेवटची तीन वर्षं पक्षाघाताने अंथरुणात गेली. १९ सप्टेंबर १९३६ ला ते वारले.

मित्रांनो, ते स्वतः मोठे गवई म्हणून गाजले नाहीत. पण उस्ताद ओळखीचा नसलेल्या मुलालाही गाणं शिकता यावं, ही सोय त्यांनी करून ठेवली.