आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर

एखादी पुरातन वास्तू नष्ट झाली, तर ती होती तशी पुन्हा उभारता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते जर्मन वास्तुशिल्पज्ञ म्हणजे आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी थोलाय या गावी झाला.

इ. स. १८५८ मध्ये वेट्झलार येथील प्राचीन ख्रिस्तमंदिराची मापे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. परांचीचा खर्च टाळण्यासाठी ते दोरांवर टांगलेल्या पाळण्यात बसून मापे घेत. एकदा मनोऱ्याच्या खिडकीत पाऊल टाकताना पाळणा भिंतीपासून दूर सरकला. खिडकीची कड हाती लागली, म्हणूनच ते वाचले. जिवावर उदार होऊन घ्यावयाची ही मापे छायाचित्रावरून घेता येणार नाहीत काय, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला.

फ्रान्समध्ये लोसदा हे छायाचित्रांवरून नकाशे करण्याचे प्रयोग करीतच होते. मायडेनबाउअर यांनी ही विद्या वास्तूंकडे वळविली. मात्र त्यासाठी प्रथम कॅमेराच मोजला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. साध्या कॅमेऱ्याचा भाता मागेपुढे सरकतो. त्यांनी भिंग आणि काच यांमधील अंतर कायमचे निश्चित केले व चित्राचा मध्य दाखविणाऱ्या खुणा कॅमेऱ्यात बसविल्या. मग एकच वास्तू दोन ठिकाणांहून टिपावयाची, त्या दोन ठिकाणांमधील अंतर मोजावयाचे आणि दोन्ही चित्रांत तोच बिंदू शोधावयाचा. दोन्ही ठिकाणांहून त्या बिंदूकडे रेषा काढल्या, की त्या जेथे छेदतात तेथे त्याचे खरे स्थान मिळते. १८६७ साली त्यांच्या लेखनातून या विद्येचे ‘फोटोग्रॅमेट्री’ हे नाव प्रथम जगापुढे आले.

मान्यता मात्र लवकर मिळाली नाही. बांधकाम खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी अनेक वर्षे चिकाटीने प्रयोग चालविले. अखेर १८८५ साली बर्लिन येथे प्रशियाच्या सरकारने या कामासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली व तिचे प्रमुखपद त्यांना दिले. १९०९ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. १९२० पर्यंत या संस्थेत वास्तूंची छायाचित्रे असलेल्या सुमारे २०,००० काचा जमा झाल्या. १५ नोव्हेंबर १९२१ रोजी मायडेनबाउअर यांचे निधन झाले.

त्यांच्या श्रमांची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील असंख्य वास्तू उद्ध्वस्त झाल्या. १९४४ साली बर्लिनमधील ‘फ्रेंच डोम’ आगीत होरपळला. त्याच्या पुनर्रचनेच्या वेळी जुन्या मापनचित्रांचा आधार मिळाला.

आज संगणक शेकडो छायाचित्रांतील समान बिंदू स्वतःच जुळवून वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. तरीही कॅमेऱ्याचे गुणदोष आधी जाणून घ्यावेत, हा नियम त्यालाही चुकलेला नाही. जग मोजू पाहणाऱ्याने प्रथम आपले साधन पारखून घ्यावे, हाच या थोर पुरुषाच्या चरित्राचा बोध होय.