नायगावची लेक : सावित्रीबाई फुले

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे खंडोजी नेवसे यांच्या घरी 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देण्याची रीतच नव्हती. 1840 मध्ये विवाह होऊन त्या पुण्यास आल्या आणि जोतीरावांनी त्यांना घरीच शिकविले. जे माहेरी मिळाले नाही ते सासरी मिळाले. पण असा योग प्रत्येक मुलीच्या वाट्यास येत नाही, म्हणून शाळाच हवी होती.

1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई शिकवू लागल्या. पुढच्याच वर्षी पतिपत्नींना घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख अध्यापनात सोबतीस उभ्या राहिल्या.

अंगावर आलेल्या शेणगोळ्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र 1856 मधील नायगावचा प्रसंग अधिक कठीण वाटतो. आजारपणामुळे त्या माहेरी आल्या असता, महार-मांगांसाठी चाललेल्या कार्याबद्दल भावानेच त्यांना दोष दिला. रस्त्यावरील निंदकास टाळून पुढे जाता येते. आजारपणात ज्या घराचा आधार घ्यायचा, तेथे उत्तर देणे अवघड. सावित्रीबाईंनी ते दिले आणि 10 ऑक्टोबरच्या पत्राने जोतीरावांना कळविले. (त्यानंतर शंभर वर्षे व चार दिवसांनी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली.) त्या उत्तरामागे पुरावाही होता. आदल्याच वर्षी त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत जत-आटपाडीकडील वस्त्यांवर गेल्यावर मुलाच्या अर्जावर चटकन सही होते. मुलीचा अर्ज निघाला की घरात विचार सुरू होतो : ऊसतोडीला गेल्यावर धाकटी भावंडे कोण सांभाळील, मोठी झालेली पोर वसतिगृहात कशी ठेवावी? बोलणारा बहुधा भाऊ किंवा चुलताच असतो, आणि तो वाईट माणूस नसतो.

1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; पुढे तेथेच जन्मलेल्या यशवंतास दत्तक घेतले. 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. 1897 च्या प्लेगमध्ये एका आजारी मुलास त्यांनी स्वतः उचलून यशवंतांच्या दवाखान्यात आणले. त्या संसर्गाने 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले.