आग्नर एर्लांग : टेलिफोनचें गणित मांडणारे शिक्षक

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलें कीं रणांगणें आणि राजदरबार आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आज ज्यांचें चरित्र सांगावयाचें आहे त्यांचें सारें आयुष्य शाळेच्या वर्गांत आणि टेलिफोन कंपनीच्या कचेरींत गेलें. तरीहि जगांतील टेलिफोनतज्ज्ञांच्या तोंडीं त्यांचें नांव नित्य असतें. कारण टेलिफोनवरील वर्दळ मोजण्याच्या मापालाच तें नांव मिळालेलें आहे.

आग्नर क्रारूप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजीं डेन्मार्क देशांतील लोनबोर्ग या खेड्यांत झाला. वडील गांवच्या शाळेचे मास्तर असून चर्चचें कारकुनी कामहि पाहत. आग्नर यांना वाचनाचें फार वेड. थोरला भाऊ पुस्तक घेऊन बसला म्हणजे हे त्याच्या समोर बसून तेंच पुस्तक उलट्या बाजूनें वाचीत! चौदाव्या वर्षीं ते कोपनहेगन विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेस बसले. वय कमी पडत असल्यामुळें त्यांना खास परवानगी काढावी लागली. पण परीक्षा त्यांनीं मोठ्या गुणवत्तेनें दिली. नंतर दोन वर्षें त्यांनीं वडिलांच्याच शाळेंत मुलांना शिकविलें. १८९६ सालीं ते शिष्यवृत्ति मिळवून विद्यापीठांत गेले आणि १९०१ सालीं गणित हा मुख्य विषय घेऊन एम्. ए. झाले. पुढें सुमारें सात वर्षें ते निरनिराळ्या शाळांत शिक्षक होते.

गणितज्ञांच्या मंडळाच्या सभांना ते नियमानें जात. तेथें त्यांची योहान येन्सेन यांच्याशीं ओळख झाली. येन्सेन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य एंजिनियर असून स्वतः नामांकित गणिती होते. त्यांच्यामुळें एर्लांग १९०८ सालीं त्या कंपनीच्या नोकरींत शिरले. तीस वर्षांच्या या शिक्षकापुढें जो प्रश्न आला तो वरवर साधा होता. लोकांसाठीं टेलिफोनच्या किती लाइनी ठेवाव्या?

कोण माणूस कोणत्या क्षणीं टेलिफोन करील आणि किती वेळ बोलेल, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. लाइनी कमी ठेवाव्या, तर ज्याच्या घरांत आजारी माणूस तळमळत आहे त्याला डॉक्टरची गांठ पडत नाहीं. जास्त ठेवाव्या, तर तारांचा व यंत्रांचा खर्च वाढतो आणि तो शेवटीं गिऱ्हाइकाच्याच माथीं बसतो. मग गरिबानें टेलिफोनचें नांवच काढूं नये. १९०९ सालीं एर्लांग यांनीं दाखवून दिलें कीं, एका माणसाच्या लहरीला नियम नसला तरी पुष्कळ माणसांच्या हाका एकत्र पाहिल्या म्हणजे त्या संभवशास्त्राच्या नियमांत बसतात. १९१७ सालीं त्यांनीं आपलीं प्रसिद्ध सूत्रें मांडलीं.

विद्यार्थिमित्रहो, एक उदाहरण घेऊं. एखाद्या कचेरींत गर्दीच्या एका तासांत टेलिफोनच्या १०० हाका येतात आणि प्रत्येक संभाषण सरासरीनें ३ मिनिटें चालतें. एकूण बोलणें झालें ३०० मिनिटें, म्हणजे ५ तास. मग पांच टेलिफोन पुरे, असें आपण चटकन् म्हणूं. पण हाका रांग धरून येत नाहींत; कधीं एकदम येतात, कधीं मुळींच येत नाहींत. एर्लांग यांचें सूत्र सांगतें कीं, पांच टेलिफोन ठेवले तर दर हजारांतील सुमारें २८५ हाका विन्मुख परततील. दहा ठेवले तर सुमारें १८.

आतां त्या कचेरींत अशाच दोन शाखा आहेत, आणि प्रत्येकीस दहा टेलिफोन आहेत, असें समजा. भिंती घालून त्या वेगळ्या ठेवल्या तर एकीकडे सारे टेलिफोन गुंतलेले असतांना दुसरीकडे चार मोकळे पडून राहतील. पण वीसहि टेलिफोनांचा एकच गट करून त्यास एकच क्रमांक दिला, तर हजारांत दोन हाकाहि परत जात नाहींत. एकहि यंत्र न वाढवितां सेवा सुमारें दहापट सुधारली! कचेरींतील एक्स्टेन्शनांचे गट बांधण्यामागें हेंच तत्त्व आहे. हाक आली कीं यंत्र गटांतील मोकळा टेलिफोन शोधतें. कधीं तें नेहमीं पहिल्यापासून आरंभ करतें, कधीं पाळीपाळीनें जातें, तर कधीं जो सर्वांत अधिक वेळ मोकळा आहे त्यालाच हाक देतें. सारा गट गुंतलेला असेल तर हाक शेजारच्या गटाकडे वळवितें.

एर्लांग नुसते टेबलापाशीं बसणारे पंडित नव्हते. आरंभीं त्यांना मदतनीस नसत. म्हणून शिडी घेतलेल्या एका मजुरासह ते कोपनहेगनच्या रस्त्यांतून हिंडत आणि जमिनीखालच्या विवरांत उतरून स्वतः मोजमापें घेत. त्यांनीं लग्न केलें नाहीं. पैसा ग्रंथांत जाई, आणि गरजवंतांसाठींहि खर्च होई. मदत मागण्यास लोक थेट त्यांच्या प्रयोगशाळेंत येत आणि ते कोणास न कळवितां ती देत.

जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरींत आजारपणामुळें ते एक दिवसहि गैरहजर राहिले नव्हते. जानेवारी १९२९ मध्यें मात्र पोटाच्या विकारामुळें शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ३ फेब्रुवारी रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांचीं सूत्रें ब्रिटिश पोस्ट खात्यानेंहि उपयोगांत आणलीं होतीं. १९४६ सालीं आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीनें वर्दळीच्या मापास ‘एर्लांग’ हें नांव दिलें. एक टेलिफोन तासभर सतत गुंतलेला राहिला म्हणजे तें एक एर्लांग होय.

ज्यांचीं तोंडें त्यांनीं कधीं पाहिलीं नाहींत अशा माणसांना ताटकळत राहावें लागूं नये, म्हणून या शिक्षकानें आपली विद्या वेंचली. वर्गांत गणिताचा तास कंटाळवाणा वाटूं लागला तर मुलांनीं त्यांची आठवण करावी. पाटीवरच्या त्याच अपूर्णांकांनीं पुढें कोणा आजाऱ्याची हाक डॉक्टरपर्यंत पोंचविली आहे.