डॉ. होमी भाभा

चुलीत लाकूड जळले की राख उरते. ती आपण टाकून देतो. पण अणुभट्टीत इंधन वापरल्यावर जे उरते, ते असे टाकता येत नाही. त्यातून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते शरीराला फार घातक असतात. मग या इंधनाचे काय करायचे? या प्रश्नाचा भारतात प्रथम विचार करणाऱ्यांमध्ये डॉ. होमी जहांगीर भाभा हे प्रमुख होते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. पुस्तके, चित्रकला आणि संगीत यांची त्यांना लहानपणापासून आवड होती. १९२७ साली ते शिक्षणासाठी इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेले. त्यांनी इंजिनिअर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. त्यांनी आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण करून वडिलांचा शब्द राखला. मग ते आपल्या आवडत्या विषयाकडे वळले.

१९३९ साली ते सुट्टीत भारतात आले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईतील ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही भारतातील पहिली अणुभट्टी सुरू झाली.

आता भाभांची दूरदृष्टी पाहा. आपल्या देशात युरेनियम थोडे आहे. थोरियम मात्र केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतही सापडते. म्हणून त्यांनी तीन टप्प्यांची योजना आखली. आधी युरेनियमपासून वीज करायची. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढून ते पुन्हा इंधन म्हणून वापरायचे. शेवटी थोरियमचा उपयोग करायचा. वापरलेले इंधन त्यांच्या दृष्टीने केवळ कचरा नव्हते. ते वेगळे करणारा कारखाना ट्रॉम्बे येथे उभा राहिला. जानेवारी १९६५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

भाभांना झाडांवर फार प्रेम होते. इमारतीच्या आड झाड आले, तर ते तोडण्याऐवजी मुळासकट काढून दुसरीकडे लावण्याची व्यवस्था ते करत.

२४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले.

मित्रांनो, भाभांचे काम अजून संपलेले नाही. प्लुटोनियम काढून घेतल्यावरही घातक कचरा उरतोच. तो काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात आणि जपून ठेवतात. पण त्यातील काही पदार्थ हजारो वर्षे घातक राहतात. फिनलंडने त्यासाठी खडकात खोल भुयारे खोदली आहेत. भारतात अशी कायमची जागा अजून तयार झालेली नाही. आज वापरलेल्या विजेचे ओझे अजून जन्मालाही न आलेल्या मुलांवर पडू नये, ही जबाबदारी आपली आहे. मोठे झाल्यावर तुम्हीही या प्रश्नाचे उत्तर शोधाल ना?