फर्डिनांड ब्राउन: ऑसिलोस्कोपचा जन्मदाता आणि माझा स्वस्तातला यूएसबी स्कोप

आजची गोष्ट एका जर्मन शास्त्रज्ञाची आहे, पण सुरुवात कोल्हापुरातून करतो, कारण माझी चूक कोल्हापुरात झाली.

उद्यमनगरात माझ्या मामाचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या जुन्या लेथवर डिजिटल रीडआउट बसवलाय, म्हणजे टूल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले. हा आकडा अधूनमधून आपोआप दोन-तीन शतांश मिलिमीटरनं सरकायचा आणि जॉब रिजेक्ट व्हायचा. मी शिकलेला इंजिनिअर भाचा, नुकताच हौसेनं यूएसबी ऑसिलोस्कोप घेतलेला. लॅपटॉप घेऊन गेलो, स्केलकडून येणाऱ्या दोन्ही तारांवर प्रोब लावले. स्क्रीनवर सुंदर चौकोनी लाटा. मामाला ठामपणे सांगितलं की सिग्नल एकदम स्वच्छ आहे, डिस्प्लेच गेलाय. मामानं काही हजार रुपये घालून नवीन डिस्प्ले आणला. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा सरकला.

मामा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. घरी येऊन मी शोधायला बसलो की हे यंत्र नक्की काय दाखवतं आणि काय दाखवत नाही. शोधता शोधता थेट मुळाशी, कार्ल फर्डिनांड ब्राउनपर्यंत पोचलो.

ब्राउनचा जन्म ६ जून १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. मारबुर्ग आणि बर्लिनला शिकला आणि १८७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय काय, तर ताणलेल्या तारांची कंपनं. पुढे आयुष्यभर तो थरथरणाऱ्या गोष्टींच्याच मागे होता, फक्त तारेच्या जागी वीज आली.

१८७४ मध्ये तो लाइपझिगच्या एका शाळेत शिक्षक झाला. त्याच वर्षी त्याच्या लक्षात आलं की काही धातूंच्या सल्फाइडचे खडे वीज एका दिशेनं सहज जाऊ देतात आणि उलट दिशेनं अडवतात. तुमच्या चार्जरमधला डायोड हेच काम करतो. तेव्हा मात्र या शोधाचा उपयोग कुणालाच सुचला नाही. पुढे रेडिओ आल्यावर हेच खडे क्रिस्टल सेटमध्ये बसले. नंतरची वीस वर्षं प्राध्यापकी आणि बदल्या यांत गेली, आणि १८९५ मध्ये तो स्ट्रासबुर्गच्या भौतिकशास्त्र संस्थेचा प्रमुख झाला. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं.

त्या काळातली अडचण समजून घ्या. शहरांत एसी वीज यायला लागली होती. एसी म्हणजे दिशा सतत बदलणारा करंट, आपल्या घरात सेकंदाला ५० फेऱ्या. ही लाट डोळ्यांनी बघायची कशी? साध्या मीटरचा काटा जड असतो, इतक्या वेगानं तो हलूच शकत नाही. १८८० मध्ये फ्रान्सच्या जूल्स झूबेरनं एक जुगाड काढला होता: प्रत्येक फेरीतल्या एकाच ठरावीक क्षणाचं व्होल्टेज मोजायचं, मग क्षण थोडा पुढे सरकवून पुन्हा मोजायचं, आणि असे ठिपके जोडून लाट काढायची. ही पद्धत लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

ब्राउननं १८९७ मध्ये काटाच बदलला. हवा काढून घेतलेली काचेची नळी, एका टोकाला उच्च दाबाची वीज, मध्ये बारीक भोक असलेला पडदा. भोकातून कॅथोड किरणांची बारीक शलाका जाते आणि दुसऱ्या टोकाच्या चमकणाऱ्या पदार्थावर आपटून ठिपका उमटवते. नळीबाहेर तारेचं वेटोळं ठेवायचं आणि मोजायचा करंट त्यातून सोडायचा. चुंबकीय क्षेत्रामुळे ठिपका वर-खाली सरकतो. या काट्याला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे तो कितीही वेगानं नाचतो. ब्राउननं त्यावर स्ट्रासबुर्गच्या वीजकेंद्रातून येणारा एसी करंट बघितला. घराघरात येणारी वीज नेमकी कशी दिसते, हे असं डोळ्यांसमोर नाचताना बघणं काय असेल, विचार करा राव!

आता मजा बघा. हे पहिलं यंत्र आपल्या बजेट स्कोपपेक्षाही गरीब होतं. ठिपका फक्त वर-खाली जायचा, म्हणजे दिसायची ती एक उभी रेघ. लाट दिसायला ती आडवी पसरवावी लागते, आणि त्यासाठी ब्राउन फिरत्या आरशात नळीकडे बघायचा. ठिपका आडवा सरकवायची सोय १८९९ मध्ये त्याचा सहायक योनाथन झेनेक यानं केली. स्क्रीनवरची वेळेची आडवी रेघ आपण गृहीत धरतो, ती इथून आली.

आणखी एक कमतरता: ब्राउनच्या नळीला आठवण नव्हती. लाट पुन्हा पुन्हा तशीच आली तरच ती डोळ्यांना स्थिर दिसायची. एकदाच चमकून गेलेली घटना निसटून जायची. पण एक गोष्ट तिच्याकडे होती जी माझ्या स्कोपकडे नाही. ठिपका अखंड सरकायचा. दोन क्षणांच्या मध्ये तो कुठे गायब होत नव्हता.

माझं उलटं आहे. यूएसबी स्कोप म्हणजे झूबेरची ठिपक्यांची पद्धत, फक्त अफाट वेगानं. या वर्गातल्या यंत्रांवर साधारण असं लिहिलेलं असतं: २ चॅनेल, २० मेगाहर्ट्झ, सेकंदाला ४ कोटी ८० लाख सॅम्पल, ८ बिट. वाचून भारी वाटतं. पण २० मेगाहर्ट्झची लाट घेतली तर एका फेरीत २.४ ठिपकेच येतात, आणि तेवढ्यावरून लाटेचा आकार काय कळणार? शिवाय त्या मर्यादेपाशी उंची खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी दिसते. १० मेगाहर्ट्झची चौकोनी लाट तर जवळपास गोलसर दिसेल, कारण तिचे कोपरे ज्या ३० मेगाहर्ट्झच्या घटकापासून बनायला सुरुवात होते तोच नीट आत येत नाही. आणि ८ बिट म्हणजे उंचीच्या २५६ पायऱ्या. उणे ५ ते अधिक ५ व्होल्टच्या रेंजमध्ये एक पायरी सुमारे ३९ मिलिव्होल्टची, त्याहून बारीक थरथर त्यात दिसणारच नाही.

तरी माझी चूक यापैकी कशात नव्हती. चौकोनी लाटा लांबवर बघता याव्यात म्हणून मी वेळेची पट्टी ताणली होती, आणि सॉफ्टवेअरनं गुपचूप सॅम्पलचा वेग सेकंदाला १ लाखावर आणला होता. म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये १० मायक्रोसेकंदांची पोकळी. त्या पोकळीत काहीही घडलं तरी स्क्रीनवर सरळ रेघच. मी रेघ बघितली आणि स्वच्छ म्हणून शिक्का मारला.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी एकच चॅनेल चालू, वेग सेकंदाला २ कोटी ४० लाख, आणि पडद्याकडे टक लावण्याऐवजी सगळं लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड. इथे स्वस्तातल्या स्कोपची खरी ताकद कळली. त्याच्या स्वतःच्या पोटात मेमरी नावापुरतीच असते, पण लॅपटॉपची रॅम त्याच्या दिमतीला असते. सिगरॉक, ओपनहँटेक यांसारखी मोफत सॉफ्टवेअर अशा अनेक यंत्रांवर चालतात. मामाला एकेक मशीन चालू-बंद करायला लावलं. कूलंटच्या पंपाचा कॉन्टॅक्टर पडला त्या क्षणाचं रेकॉर्डिंग मोठं करून बघितलं तर तिथे काटे होते, प्रत्येक जेमतेम ०.२ मायक्रोसेकंदाचा, ४-५ ठिपक्यांचा. प्रोब दुसऱ्या तारेवर नेला, तिथेही तेच. रीडआउट ते पल्स समजून मोजत होता. केबलच्या शील्डचं अर्थिंग सुटलं होतं. एक स्क्रू आवळायचं काम!

परत ब्राउनकडे येतो, कारण त्याच्या नळीत अजून एक गोष्ट लपलीय, जी नवख्यांसाठी जिवाशी खेळ ठरू शकते. त्याचं वेटोळं काचेच्या बाहेर होतं. मोजायची वीज आणि नळी यांचा तारेनं संबंधच नव्हता. आपल्या स्कोपचं तसं नाही. प्रोबची काळी क्लिप, यूएसबीचा ग्राउंड आणि लॅपटॉपचा ग्राउंड आतून एकच असतात. ती क्लिप घरच्या २३० व्होल्टवर किंवा उघड्या चार्जरच्या मेन्सकडच्या बाजूला लावली तर स्कोप, लॅपटॉप आणि तुम्ही, तिघेही धोक्यात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तरी सुटका नाही, उलट लॅपटॉपच्या धातूच्या भागातच करंट येऊ शकतो. घरातली लाट बघायचीच असेल तर ९ व्होल्टचा छोटा बंदिस्त ट्रान्सफॉर्मर अडाप्टर घ्या, एसी आउटपुटचा, आणि त्याच्या आउटपुटवर प्रोब लावा. तिथेही शिखर १२-१३ व्होल्टच्या वर जातं, म्हणून प्रोबचं बटण १०एक्सवर ठेवा. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरनं बनवलेलं एक्सपआयझ बघावं. ते अँड्रॉइड फोनलाही जोडता येतं. वेग सेकंदाला १० लाख सॅम्पलपर्यंतच, पण आवाज, सेन्सर, साधी सर्किटं यांना तेवढा पुरतो.

ब्राउननं या नळीचं पेटंट घेतलं नाही. सगळी माहिती छापून मोकळा झाला, ज्याला हवी त्यानं बनवावी. १९०७ मध्ये रशियात बोरिस रोझिंगनं ती चित्र दाखवायला वापरली आणि त्या वाटेवरून पुढे टीव्हीची पिक्चर ट्यूब आली. तुमच्या आजोबांच्या घरातला तो जाडजूड पाठीचा टीव्ही आठवतो? तो ब्राउनचाच नातू. जर्मनीत या नळीला आजही ब्राउनची नळी म्हणतात.

स्वतः ब्राउन मात्र तोपर्यंत दुसरीकडे वळला होता. मार्कोनीच्या वायरलेसमध्ये ठिणगी थेट अँटेनाच्या सर्किटमध्ये उडायची, त्यामुळे ताकद वाढवायला मर्यादा होती. ब्राउननं ठिणगीचं सर्किट वेगळं काढलं आणि ते अँटेनाला वेटोळ्यांमधून, चुंबकीय जोडणीनं जोडलं. परत तीच युक्ती: न शिवता जोडणं. यानं पल्ला वाढला, आणि या वेळी त्यानं पेटंटही घेतलं. १९०९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला आणि मार्कोनीला मिळून मिळालं. ते वायरलेससाठी होतं, नळीसाठी नाही. माझ्या मते हा जरा अन्यायच, कारण वायरलेसचं ते तंत्र काही वर्षांत जुनं झालं आणि नळी जवळपास शतकभर टिकली.

ज्याचं पेटंट घेतलं त्यानंच शेवटी त्याला अडकवलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि न्यूयॉर्कजवळच्या सेव्हिल इथलं जर्मन वायरलेस केंद्र पेटंटच्या खटल्यात सापडलं. साक्ष द्यायला ६४ वर्षांचा ब्राउन १९१४ मध्ये अमेरिकेला गेला. युद्ध वाढत गेलं, परतीचा रस्ता बंद झाला. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी राहिला आणि तिथेच २० एप्रिल १९१८ रोजी वारला, युद्ध संपायला सात महिने बाकी असताना. अस्थी फुल्डाला पोचायला १९२१ उजाडलं. जन्मगाव मिळालं, स्ट्रासबुर्ग मात्र तोपर्यंत फ्रान्सचं झालं होतं.

सहज सांगतो, तो गेला त्याच १९१८ साली आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं सिनेमा काढायच्या तयारीत होते. परवडत नाही तर बनवू, हा नाद इकडे जुनाच आहे.

मामाचा जुना डिस्प्ले आता माझ्या टेबलावर आहे. उघडून, तपासून झाला. त्यात काहीच बिघाड नव्हता. त्याचे पैसे मी मामाला हप्त्यानं देतोय. तो नको म्हणतो, तरी देतोय.