रंग फसवायचे, रेघ नाही: लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि डॅशबोर्डवरचा निळा दिवा

नांदेड-लातूरकडच्या गावांत जुन्या विहिरींवर चक्कर मारली, तर गंज चढलेलं एखादं डिझेल इंजिन अजून दिसतं आणि त्यावर किर्लोस्कर हे नाव असण्याची शक्यता बरीच. आमच्याकडे किर्लोस्कर म्हटलं की आधी इंजिन आठवतं, माणूस नंतर. त्या इंजिनाला डॅशबोर्ड वगैरे काही नव्हतं. हँडल मारायचं, इंजिनानं धरलं की थोडा वेळ आवाज ऐकत थांबायचं, ठोका एकसारखा पडायला लागला की लोड द्यायचा. इंजिन तापलं की नाही हे सांगणारा इंडिकेटर म्हणजे चालवणाऱ्याचा कान.

या नावामागचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांना काही रंगांतला फरक कळत नसे. गाडीत स्वतःच्या हातानं एलईडी बसवणाऱ्या पोरांनी त्यांचं चरित्र वाचलंच पाहिजे, असं मला वाटतं.

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. 1885 मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या आधारावर, तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोनेक वर्षं गेली आणि रंगांधळेपण पुढे आलं. आंधळेपण हा शब्द तसा दिशाभूल करणारा आहे. दिसतं सगळं, फक्त काही रंग एकमेकांत मिसळतात. पण चित्रकार व्हायला घरच्यांशी वाद घालून आलेल्या मुलाला हा फरक सांगून काय उपयोग? चित्रकला सुटली.

लक्ष्मणराव तिथून परत मात्र गेले नाहीत. त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग हातात घेतलं. पॉलिटेक्निकला असाल तर तुम्हाला माहीतच असेल, या चित्रात अर्थ रंगावर टेकलेला नसतो. दिसणारी कड जाड सलग रेघेनं दाखवतात, आड लपलेली कड तुटक रेघेनं, आणि मध्यरेषा एक लांब-एक आखूड अशा तुकड्यांनी. शाई एकाच रंगाची असली तरी कुठला भाग कुठे बसतो ते कारागिराला कळतं. ज्या डोळ्यांनी रंगात दगा दिला, त्यांना इथे काहीच कमी पडत नव्हतं.

याच कौशल्यावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक झाले. वर्कशॉप जवळ होतंच, यंत्रं उघडून बघायची सवयही लागली. 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं: हे मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा तिकडे विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले आणि कडबा कापायची यंत्रं नि लोखंडी नांगर बनवायला लागले.

नांगराचं प्रकरण आपल्या काळ्या मातीच्या माणसांना लगेच कळेल. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आज व्हिडिओला दोन दिवसांत व्ह्यूज नाही आले तर आपण चॅनल बंद करतो.

आता डॅशबोर्डकडे येतो. लातूरला माझा मामेभाऊ असतो. त्यालाही लाल-हिरव्याचा घोळ आहे, एका भरतीच्या मेडिकलमध्ये तो कळला. त्याच्या गाडीत टेम्परेचरचा काटाच नाही. हल्ली बऱ्याच छोट्या गाड्यांतून तो गायब झालाय, फक्त इंजिन जास्त तापलं की लाल दिवा. त्याला हवा होता वॉर्म-अप इंडिकेटर: इंजिन थंड आहे तोवर काहीतरी दिसावं, म्हणजे गाडी दामटायची नाही. थंड ऑइल घट्ट असतं, सगळ्या भागांत पोचायला वेळ घेतं आणि इंजिनाची झीज तेव्हा जास्त होते.

अशा किटमध्ये बऱ्याचदा एकच दोनरंगी एलईडी येतो. थंड असताना लाल, तयार झालं की हिरवा, जागा तीच. लाल-हिरवा गोंधळ असणाऱ्या माणसाला यातून कितपत कळणार? आणि असे लोक तुम्हाला वाटतात तेवढे दुर्मीळ नाहीत. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो.

म्हणून आम्ही ड्रॉइंगबोर्डची अक्कल वापरली: रंगावर विसंबायचं नाही, अर्थ जागेवर आणि लयीवर ठेवायचा. डावीकडे निळा एलईडी, तो सलग पेटतो, म्हणजे इंजिन थंड. उजवीकडे लाल, तो भराभर लुकलुकतो आणि सोबत बझर वाजतो, म्हणजे गाडी बाजूला घ्या. मधल्या काळात काहीच पेटत नाही. अंधार म्हणजे सगळं ठीक. निळा निवडायचं कारण सोपं आहे, लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या बहुतेकांना निळा वेगळा ओळखू येतो. काही कार कंपन्याही थंड इंजिनासाठी निळाच दिवा देतात.

तापमान आम्ही ओबीडी पोर्टमधून घेतलं. मूळ सेन्सरची वायर कापायला मी तयार नव्हतो, कारण त्याच आकड्यावर इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. पोर्टला ईएलएम327 ॲडॉप्टर लावला आणि ब्लूटूथवरून ईएसपी32 बोर्डानं कूलंटचं तापमान विचारलं. उत्तरात एक आकडा येतो, त्यातून 40 वजा केले की अंश सेल्सिअस. 130 आले तर 90 अंश. निळा दिवा 60 ला विझतो आणि 55 च्या खाली गेल्यावरच परत लागतो. हे पाच अंशांचं अंतर ठेवलं नाही तर 60 च्या आसपास दिवा उगाच फडफडत राहतो. बोर्डाला वीज इग्निशन चालू असतानाच मिळते अशा फ्यूजवरून, मध्ये 5 व्होल्टचा कन्व्हर्टर आणि वेगळा फ्यूज टाकून दिली. ॲडॉप्टरला मात्र पोर्टमधून कायम करंट मिळतो. गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर तो काढून ठेवायचा, नाहीतर बॅटरी बसते.

आणखी एक. निळा विझला म्हणजे ऑइलही तापलं असं नाही, कूलंट आधी तापतं. पुढची पाचेक मिनिटंही सबुरीनं घ्यायची. आणि गाडी जागेवर घुरघुरत ठेवायची तर आपल्याकडच्या हवेत अजिबात गरज नाही, हळू चालवतच ती तापू द्यावी.

लक्ष्मणरावांचं पुढचं आयुष्य बऱ्याच जणांना थोडंफार माहीत असतं. गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेनं बेळगावची जागा घेतली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंग नि सापांनी भरलेली 32 एकर जागा आणि 10,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज मिळालं. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, नंतर पंप आले. त्याच वर्षी पुतणे शंकररावांनी किर्लोस्कर खबर काढलं, तेच पुढे किर्लोस्कर मासिक. डिझेल इंजिनांची कंपनी, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, 1946 मध्ये पुण्यात उभी राहिली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. कारभार मुलगा शंतनुरावांच्या पिढीकडे गेलेला होता. 26 सप्टेंबर 1956 ला ते गेले.

रंग नीट न ओळखणाऱ्यांपुढची दारं आपल्याकडे अलीकडे थोडी उघडली आहेत. सौम्य ते मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळावं, असा बदल केंद्र सरकारनं जून 2020 मध्ये केला. म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत दिवा लावाल, तेव्हा स्टिअरिंगवर असा माणूस असू शकतो हे धरूनच चला.

तपासायला पैसे लागत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ग्रेस्केल चालू करा आणि कॅमेरा तुमच्या दिव्यांसमोर धरा. स्क्रीनवर राखाडी ठिपके दिसतील. त्यातला थंडचा कुठला आणि धोक्याचा कुठला हे शेजारी बसलेल्या मित्राला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर एलईडी उपसून जागा बदला.