मातीचा विद्यार्थी

आषाढात गोंदिया जिल्ह्यातील बांध्यांमधून धानाची रोवणी सुरू होते. पऱ्हे उपटताना मुळांशी चिमूटभर माती चिकटून येते. त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदत असतात. काही पिकाचे वैरी, तर काही सोबती! या सोबत्यांचे महत्त्व जगाला सांगणाऱ्यांमध्ये सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शिक्षण संपवून ते वेस्ट इंडीज बेटांत गेले. पिकांवर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास हे त्यांचे तेथील काम होते. बुरशी ही पिकाची शत्रू, असेच तेव्हा मानले जाई. परंतु आपण रोग तपासतो, पीक मात्र स्वतः काढीत नाही, ही उणीव त्यांच्या मनाला बोचू लागली.

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही विदुषी वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारलेले वाण तयार केले. तेथे हॉवर्ड यांना एक नवल दिसले. आसपासचे शेतकरी कोणतीही औषधे फवारीत नसत, तरी त्यांची पिके निरोगी असत. हॉवर्ड यांनी पदवीचा अभिमान बाजूस सारला आणि त्या शेतकऱ्यांनाच गुरू केले.

१९२४ साली इंदूर येथे नवी संशोधनसंस्था उभी राहिली. तेथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी चाळवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी बसवली. १९३० साली गॅब्रिएल निवर्तल्या. पंचवीस वर्षांची साथ तुटली. पण हॉवर्ड यांनी काम सोडले नाही. पुढच्याच वर्षी, सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेला त्यांचा या रीतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढे चहाच्या मळ्यांतील झाडांची मुळे तपासली असता, कुजलेल्या खतावर पोसलेल्या मुळांत बुरशीचे तंतू विपुल आढळले. ज्या बुरशीला ते पूर्वी शत्रू समजत, तिचीच एक जात झाडांची दाई निघाली! हे सूक्ष्म तंतू मुळांच्या आवाक्यापलीकडील मातीत शिरतात, तेथील स्फुरद मुळांना आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. १९४० च्या आपल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी या मैत्रीचे महत्त्व आग्रहाने मांडले.

रासायनिक खतांना त्यांचा कडवा विरोध होता. तो सर्वच शास्त्रज्ञांना मान्य झाला नाही. तथापि स्फुरदाचा अतिरेक झाला की ही मैत्री दुबळी होते, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. १९४७ साली हॉवर्ड यांचे निधन झाले.

धानाच्या मुळांशीही ही बुरशी सख्य जोडते. मात्र तिला हवा लागते. बांधीत पाणी साचून राहिले की तिची वाढ मंदावते. म्हणून रोवणीपूर्वी, पऱ्ह्यांच्या वाफ्यातच ती मुळांशी जडावी, असा प्रयत्न केला जातो. चिमूटभर मातीपुढेही विद्यार्थी होऊन बसावे, हाच हॉवर्ड यांच्या जीवनाचा बोध होय.